साताऱ्याहून वाशीला आलेलं कॉलेज

१९७९ साली वाशीला रेल्वे नव्हती. ठाणे खाडीवरचा पूल खुला होऊन सहा वर्षं झाली होती, पण लोकल वाशीला पोचायला अजून तेरा वर्षं जायची होती. महानगरपालिकेचाही पत्ता नव्हता. तिचा कारभार सुरू झाला तो १९९२ मध्ये. सिडकोनं आखून दिलेले सेक्टर, त्यांत बुटक्या इमारतींच्या ओळी, मधेमधे रिकामी जमीन आणि खाडीवरून येणारा खारा वारा, एवढंच शहर. त्या वाशीत रयत शिक्षण संस्थेनं कॉलेज काढलं. जुहूगावाला लागून, सेक्टर पंधरा-ए मधल्या जुहूनगरात ते आज उभं आहे. पाटीवर नाव आहे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय. जुने वाशीकर मात्र अजून 'मॉडर्न कॉलेज' असंच म्हणतात.

साताऱ्याची संस्था खाडीकाठी कशासाठी आली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. रयतचा जीव खेड्यात. पाऊसपाण्यावर जगणाऱ्या कुणब्याच्या, महाराच्या, मांगाच्या, रामोशाच्या पोरांसाठी ती जन्मली. आणि इथं तर कागदावर आखलेलं नवं शहर वसत होतं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून मुंबईला खाडीपलीकडे जुळं शहर सुचवलं, १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांची मिळून ३४४ चौरस किलोमीटर जमीन नकाशात घेतली गेली. नकाशात रस्ते होते, सेक्टर होते, शाळांचे आणि बाजारांचे भूखंड होते. त्या ९५ गावांत आधीपासून राहणारी माणसं पुढे काय करणार, हे मात्र नकाशावरून कळत नव्हतं.

त्यांची गोष्ट आणि साताऱ्याची गोष्ट वाशीत एकत्र आली. ती समजून घ्यायची तर आधी कऱ्हाडजवळच्या काल्याला जावं लागतं.

भाऊराव पायगोंडा पाटलांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर संस्थानातल्या कुंभोजचा. घराणं जैन, शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलेलं. पदवी नसलेला हा माणूस पुढे महाराष्ट्रात कॉलेजं काढणार होता. तरुणपणी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या; लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. नंतर ओगल्यांच्या काचकारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरासाठी विक्रीचं काम केलं. या फिरतीकडे चरित्रकार बऱ्याचदा धावतं पाहतात, पण तीच त्यांची खरी शाळा असावी. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहावं लागतं, पैसे कधी देतो विचारावं लागतं, आणि उत्तर ऐकताना त्याच्या घरात काय आहे नि काय नाही ते दिसतंच. चांगलं अवजार समोर असून ते घेण्याची ऐपत नाही, हिशोब वाचता येत नाही म्हणून सावकाराच्या वहीवर आंधळा अंगठा, आणि पोरगं गुरांमागे.

१९१९ च्या दसऱ्याला, ४ ऑक्टोबरला, काले गावी सत्यशोधकांच्या मेळाव्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसायची, एका छपराखाली झोपायची, स्वयंपाकाला आणि झाडलोटीला पाळीपाळीनं लागायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' हे नाव मिळालं. पैसा नेहमीच तोकडा. गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य गोळा व्हायचं, आणि एकदा तेही पुरेना तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने मोडून पोरांच्या पोटात भाकरी घातली. मंगळसूत्रसुद्धा राखलं नाही. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांचं नाव भाऊरावांच्या नंतर येतं, पण वसतिगृहाची चूल त्यांनी पेटती ठेवली नसती तर पुढच्या कॉलेजांची नावं लिहायला कागदच उरला नसता.

शिक्षण फुकट, पण भीक म्हणून नाही. मुलांनी शेतात राबायचं, विहिरी खोदायच्या, इमारतीला दगडमाती वाहायची, आणि त्या श्रमाच्या बदल्यात शिकायचं. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचं वाक्य आणि वटवृक्ष हे तिचं चिन्ह. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, विनाशुल्क आणि वसतिगृहासह. त्यातून मॅट्रिक झालेली मुलं पुण्यामुंबईच्या कॉलेजात जाऊ शकत नव्हती, म्हणून जून १९४७ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. मुलांनी काम करून शिकण्याची 'कमवा आणि शिका' ही पद्धत तिथं कॉलेजच्या पायरीवर आली.

त्याच्या एक वर्ष आधी, जून १९४६ मध्ये, मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं सिद्धार्थ कॉलेज उघडलं होतं. मरीन लाइन्सच्या लष्करी बराकींत त्याचे पहिले वर्ग भरले. तिथले तास सकाळी लवकर सुरू व्हायचे, म्हणजे कारकुनी करणारा, दुकानात उभा राहणारा मुलगा लेक्चर आटोपून दहाच्या ठोक्याला कामावर हजर राहू शकेल. वेळापत्रकाची ही एक ओळ बदलून किती घरं पदवीपर्यंत पोचली, त्याचा हिशोब कुणी मांडलेला नाही.

आणि १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगानं उच्च शिक्षणावरचा अहवाल दिला. घराजवळ, फी नसलेली किंवा नावापुरती फी असलेली, स्थानिक लोकांच्या गरजा ओळखून अभ्यासक्रम ठरवणारी कॉलेजं देशभर काढा, असं त्यात सुचवलं होतं. त्यांना आयोगानं नाव दिलं 'कम्युनिटी कॉलेज'. अमेरिकेत या जातीचं पहिलं सार्वजनिक कॉलेज १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएटला निघालेलं होतं. तेव्हा त्याला 'ज्युनिअर कॉलेज' म्हणत. (महाराष्ट्रातल्या वाचकाला या शब्दानं अकरावी-बारावी आठवेल, तिथं त्याचा अर्थ पदवीची पहिली दोन वर्षं असा होता.) आयोगानंतर जुना शब्द मागे पडला आणि नवा रुळला. दोन वर्षांत एखादा हुन्नर शिकून कामाला लागा, किंवा तेवढे गुण घेऊन विद्यापीठात पुढच्या दोन वर्षांसाठी जा, अशी दोन दारं तिथं उघडी असतात. प्रवेशाला गाळणी जवळजवळ नाही. संध्याकाळचे वर्ग, नोकरी करणारे प्रौढ, लहान मूल घरी ठेवून आलेली आई, हे तिथलं नेहमीचं दृश्य.

सातारा, मरीन लाइन्स आणि वॉशिंग्टन, दीड वर्षाच्या आत. एकमेकांना हे लोक ओळखत नव्हते, एकमेकांचं वाचून त्यांनी काही केलं नव्हतं. पण कॉलेज हे हुशार आणि सुखवस्तू मुलांना गावातून उचलून नेणारं यंत्र नसावं, ते गावाच्या आणि कामाच्या वेळेत बसावं, ही ओढ तिन्ही ठिकाणी एकच होती. अमेरिकेनं त्याला नाव दिलं, कायदे केले, करातून पैसा दिला. महाराष्ट्रात ते मुठीतल्या धान्यावर आणि पोरांच्या घामावर चाललं. १९५९ च्या ९ मे रोजी भाऊराव गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. आणि त्याच काळात यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी फीमाफीची सवलत आणली. 'ई.बी.सी.' ही तीन अक्षरं पुढच्या दोन पिढ्यांतल्या घरांत पाठ झाली.

रयतचं पहिलं पाऊल नवी मुंबईच्या परिसरात पडलं ते वाशीत नव्हे, पनवेलला. महात्मा फुले महाविद्यालय १९७० चं, म्हणजे सिडकोच्याच वयाचं. पनवेल आणि उरण तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. रायगड हे नाव १९८१ पासूनचं. पुढे उरण तालुक्यात फुंड्याला संस्थेचं वीर वाजेकर महाविद्यालय निघालं. मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या त्या पट्ट्यात ही कॉलेजं आली तेव्हा तिथल्या जमिनीच खालून सरकत होत्या.

ठाणे-बेलापूर रस्त्याकडची गावं, जुनी बेलापूर पट्टी, आगरी-कोळ्यांची. खारजमिनीत बांध घालून भात काढायचा, भरतीचं पाणी आगरात अडवून मीठ पिकवायचं, उरलेल्या वेळी खाडीत जाळं टाकायचं. बांध ही एकट्यादुकट्याची गोष्ट नसते. एका ठिकाणी भगदाड पडलं की सगळ्या गावाच्या शेतात खारं पाणी शिरतं आणि पुढची दोन-तीन पावसं ती जमीन धड पिकत नाही. म्हणून बांध फुटल्याची हाक आली की ताटावरून उठून सगळ्यांनी धावायचं. हे कसब बापाकडून पोराकडे यायचं. त्याला शाळा लागत नव्हती. १९६० च्या दशकात औद्योगिक वसाहतीसाठी आणि १९७० नंतर नव्या शहरासाठी या जमिनी गेल्या, तेव्हा एका सातबाऱ्याबरोबर हे सगळं शिक्षणही एका फटक्यात निरुपयोगी झालं. मोबदल्याचे पैसे घरबांधणीत आणि लग्नात संपले. ज्याच्या शेतात नोसिल, हर्डिलिया, स्टँडर्ड अल्कलीसारखे कारखाने किंवा त्यांचे रस्ते आले, त्याच्या पोराला त्याच कारखान्याच्या फाटकावर प्रमाणपत्र विचारलं जाऊ लागलं.

जमिनीच्या न्यायाचा लढा दि. बा. पाटलांनी लढवला. ते जासईचे, शेतकरी कामगार पक्षाचे. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या रक्तातून, काही वर्षांनी, साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना मिळाली. 'साडेबारा टक्के' हा शब्द इथल्या गावठाणांत आजही आईच्या नावासारखा घेतला जातो. सिडकोनं प्रकल्पग्रस्तांच्या मुलांसाठी विद्यावेतनही ठेवलं. भूखंड हा गेलेल्या जमिनीचा परतावा होता. गेलेल्या कसबाचा परतावा कशानं होणार, याचं एक उत्तर म्हणजे चालत जाता येईल अशा अंतरावरचं कॉलेज.

अंतराचं महत्त्व मुलींच्या बाबतीत जास्त. वाशी, जुहूगाव, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा इथली मुलगी बारावीनंतर ठाण्याला किंवा खाडीपलीकडे पाठवायची तर एसटीची, नंतर बसची वाट पाहणं आलं, अंधार पडण्याआधी परत येणं आलं, आणि त्यावर घरात दहा तोंडं बोलणार. कॉलेज दोन स्टॉपवर असेल तर तो वाद निम्मा तिथंच मिटतो. शिक्षणाच्या चर्चेत ही गोष्ट फार साधी वाटते, म्हणून ती कुणी लिहीत नाही. पण घरातली पहिली पदवीधर बहुतेकदा अशाच दोन स्टॉपच्या हिशोबावर घडलेली असते.

कॉलेज निघालं त्या सुमारास दुसरी एक माणसांची लाट वाशीकडे सरकत होती, आणि तिचा मोठा ओघ थेट साताऱ्याकडचा.

मुंबईचे घाऊक बाजार मस्जिद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत कोंबलेले होते. ते खाडीपलीकडे न्यायचं ठरलं. कांदा-बटाट्याचा बाजार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आला, मसाला आणि दाणाबाजार १९९० च्या सुमारास, भाजी आणि फळं १९९६ मध्ये. बाजाराबरोबर व्यापारी आले, आणि बाजार डोक्यावर घेऊन माथाडी आले. पाटण, जावळी, कोरेगाव, वाई, शिराळा, मुळशी, जुन्नर अशा घाटावरच्या तालुक्यांतली ही माणसं. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि हमालाच्या मजुरीला माथाडी मंडळाची वही मिळाली. मालकानं मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळानं भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सुट्टीचा पगार सांभाळायचा. ज्या कामगाराला कालपर्यंत कुणी मालक आपला म्हणत नव्हता, त्याच्या नावावर खातं निघालं.

त्याचं काम जवळून पाहिलं तर कळतं की त्यात किती शिस्त आहे. पहाटेच्या अंधारात कांद्याचा ट्रक गाळ्यासमोर मागे येतो. टोळीतले दोघे वर चढतात. गोणीच्या कानात आकडा अडकवतात, एका झटक्यात ती फळीच्या कडेला आणतात, खाली उभा असलेला पाठ फिरवून किंचित वाकतो. डोक्यावर टॉवेलची चुंबळ. गोणी मानेवर टेकते तेव्हा तो श्वास रोखतो आणि पहिली तीन पावलं भराभर टाकतो, कारण थांबला तर वजन खाली ओढतं. थप्पी लागते ती ओळंब्यात. वाकडी लागली तर वरची गोणी घसरून कुणाचा तरी पाय जाणार. संध्याकाळी मुकादमाच्या वहीत टोळीचे नग लिहिले जातात. अनेक वर्षं हे करणाऱ्या माणसाच्या मानेवर घट्टा असतो, आणि पोराच्या मानेवर तो यायला नको, ही त्याची एकमेव इच्छा असते.

मस्जिद बंदरला ही माणसं गावकीच्या खोलीत राहायची. एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस जण, पाळीपाळीनं झोपणारे, आणि बायकापोरं गावी. पोरं गावी म्हणजे बऱ्याचदा रयतच्याच शाळेत. नवी मुंबईत कोपरखैरण्याला आणि घणसोलीला माथाडींसाठी घरं झाली; घणसोलीची सिम्प्लेक्स वसाहत सगळ्यांच्या ओळखीची. घर लहान, पण स्वतःचं, म्हणून बायको आली, पोरं आली. गावच्या रयतच्या शाळेतून नाव काढून त्यांना शहरात घालायचं तेव्हा वाशीत त्याच संस्थेचं कॉलेज उभं होतं, तेच वडाचं चिन्ह, तेच भाऊरावांचं चित्र. पाटणच्या बापाला त्या फाटकातून आत जाताना भीती वाटली नसेल. कॉलेजच्या फाटकाची भीती ही खरी भीती असते. ज्यांच्या घरात कुणी शिकलेलं नाही त्यांनाच ती माहीत.

म्हणून वाशीच्या त्या कॉलेजात एका बाकावर बसले ते जमीन गेलेल्याचा मुलगा आणि ओझं वाहणाऱ्याची मुलगी. एकाच्या बोलीत 'मी आलू', दुसरीच्या बोलीत घाटावरचा हेल. सिडकोच्या इमारतींत राहायला आलेल्या मध्यमवर्गीय घरांची मुलंही होतीच, तमिळ, मल्याळी, गुजराती, पंजाबी. पण हे कॉलेज नसतं तर त्यांना दुसरं मिळालं असतं. पहिल्या दोघांचं तसं नव्हतं.

अशा कॉलेजची माहितीपुस्तिका शहराच्या इतिहासासारखी वाचता येते. पायाशी कला, वाणिज्य, विज्ञान. रसायनशास्त्रातला बी.एस्सी. म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात प्रयोगशाळेची किंवा प्लांटवरची नोकरी, शिफ्टची, पण कायम. बी.कॉम. म्हणजे बाजार समितीतल्या गाळ्यावरची खतावणी, आणि १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झाल्यावर क्लिअरिंग एजंटांची ऑफिसं, कंटेनरचे डेपो, गोदामं. मग कारखाने एकेक करून थंडावू लागले, महापे-ऐरोलीला काचेच्या इमारती आल्या, आणि पुस्तिकेत माहिती तंत्रज्ञान, संगणकशास्त्र, व्यवस्थापन, जैवतंत्रज्ञान, हिशेब आणि वित्त, बँकिंग आणि विमा असे स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम दिसू लागले. या नव्या अभ्यासक्रमांत एक मेख आहे. ते बहुतांशी विनाअनुदानित. जुन्या बी.ए., बी.कॉम.च्या प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी कमी. नव्यांचा खर्च फीतूनच निघतो. म्हणजे ज्या शिक्षणाला बाजारात भाव, तेच गरिबाला महाग. रयतसारख्या संस्थेतही या गणितातून सुटका नाही, आणि याबद्दल जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही.

नवी मुंबईत या गणिताचं टोक दुसरीकडे गाठलं गेलं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वाशी, नेरूळ, बेलापूर या पट्ट्यात अभियांत्रिकी, वैद्यकीय, व्यवस्थापनाच्या मोठमोठ्या संस्था उभ्या राहिल्या. देशभरातली मुलं तिथं आली, शहराचं नाव झालं, आणि त्यांतून चांगले डॉक्टर, इंजिनिअर घडले हे खरंच. पण ज्यांच्या भातखाचरांवर ते परिसर उभे आहेत, त्यांची मुलं तिथं आधी पोचली ती सुरक्षारक्षक, कँटीन आणि टेम्पोच्या कंत्राटांतून. म्हणून १९७९ हे साल महत्त्वाचं. खासगी शिक्षणाची लाट येण्याच्या चार वर्षं आधी वाशीत एक साधं, अनुदानित, सगळ्यांना झेपणारं कॉलेज आपली जागा धरून बसलं होतं.

'कम्युनिटी कॉलेज' हे नाव भारतात फार उशिरा आलं. १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठानं पहिलं कम्युनिटी कॉलेज सुरू केलं. चेन्नईतल्या येशूसंघी फादर झेव्हियर आल्फोन्स यांनी शाळा सुटलेल्या मुलांसाठी ही कल्पना दक्षिणेत रुजवली. महाराष्ट्रात त्याआधीच, १ जुलै १९८९ रोजी, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं होतं. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. दहावीचाही दाखला नसलेल्या माणसाला पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीच्या वर्गात बसता येईल, ही त्यातली सोय शाळा सुटलेल्या गृहिणींना आणि कामगारांना फार मोलाची ठरली. त्याची अभ्यासकेंद्रं चालू कॉलेजांच्याच वर्गात भरतात, संपर्कसत्रं रविवारी. शनिवारी विशीतली मुलं बसलेल्या बाकावर रविवारी चाळिशीतले त्यांचे आईबाप बसतात.

केंद्रानं या कल्पनेला योजनेचं रूप दिलं ते बाराव्या पंचवार्षिक योजनेत. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१३ च्या सुमारास निवडक कॉलेजांना कम्युनिटी कॉलेज चालवायला निधी दिला. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, वर्षाची पदविका, दोन वर्षांची प्रगत पदविका. अभ्यासाचा मोठा हिस्सा हाताच्या कौशल्याचा, उरलेला भाषा, व्यवहार, सामान्य शिक्षणाचा. जवळच्या उद्योगाशी करार करून त्यांच्याकडे प्रत्यक्ष काम. २०१४ मध्ये बी.व्होक. ही पदवी आली. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं हेच सगळ्या पदव्यांना लावलं: एक वर्षानं थांबलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, आणि मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा, परत याल तेव्हा पुढून सुरुवात. महाराष्ट्रातल्या स्वायत्त कॉलेजांत ते २०२३-२४ पासून लागू झालं.

कागदावर ही तरतूद सुंदर आहे. माथाडीच्या घरात बाप आजारी पडला की मुलगा दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडतो. आजवर त्याच्या हातात काहीच नसायचं, आता पदविका राहील. पण तो परत येईल का, हे खात्यातल्या श्रेयांकांवर ठरत नाही. त्याच्या कामाच्या वेळेत तास आहेत का, कॉलेजच्या आवारातच चार पैसे मिळतील असं काम आहे का, यावर ठरतं. सिद्धार्थच्या सकाळच्या तासांनी आणि साताऱ्याच्या शेतानं या दोन प्रश्नांची उत्तरं १९४६-४७ लाच दिली होती. नव्या योजनांत कौशल्याचे तक्ते सविस्तर असतात. विद्यार्थ्याच्या पोटाचा तक्ता मात्र रयतनंच आधी मांडला, आणि तो अजून जुना झालेला नाही.

'कमवा आणि शिका' शहरात आल्यावर तिचं रूप पालटलं. विहीर खोदायला जमीन नाही, शेत नाही. मग काम असतं ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात, बागेत. तास संपल्यावर मुलगा ग्रंथालयात येतो, परत आलेल्या पुस्तकांची चवड काउंटरवरून उचलतो, पाठीवरच्या क्रमांकाप्रमाणे कपाटात लावतो, उसवलेल्या पुस्तकांना खळ लावून दाबाखाली ठेवतो. रजिस्टरमध्ये तास भरतो, महिन्याच्या शेवटी तासांप्रमाणे पैसे खात्यात येतात. फार नसतात. बसचा पास, परीक्षेची फी, मोबाइलचा रिचार्ज निघतो. पण ते पैसे त्यानं कमावलेले असतात, आणि दोन तास पुस्तकांच्या कपाटांत वावरल्यावर एखादं पुस्तक उघडून उभ्यानं चार पानं वाचली जातातच.

साताऱ्यात २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झालं. १९४७ चं शिवाजी कॉलेज त्याचा भाग झालं. वाशीचं कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न राहून स्वायत्त झालं.

बारावीचा निकाल लागला की कॉलेजांबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी होते. प्लास्टिकच्या पिशवीत कागद असतात: गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, एखाद्याकडे सिडकोचा प्रकल्पग्रस्ताचा दाखला, एखादीकडे जातीचा दाखला आणि बापाच्या माथाडी मंडळाचं ओळखपत्र. तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरून सगळं अडलेलं असतं, कारण त्याशिवाय महाडीबीटीच्या पोर्टलवर शुल्काच्या सवलतीचा अर्ज पुढे सरकत नाही. जुन्या ई.बी.सी. सवलतीचं नाव आता बदललंय. पडद्यावर योजनांची यादी उघडते, मुलगी बोटानं ओळी मोजत खाली येते आणि थांबते ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीवर. १९२७ मध्ये साताऱ्याच्या बोर्डिंगला जे नाव मिळालं होतं, तेच. ती त्यावर टिचकी मारते, आणि दुकानदार तिच्या वडिलांना मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतो.